आधी विचारायला शिकवा, तेही मराठीत

मराठी भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या भागात पाट्या, शाळा आणि सरकारी कागदपत्रे यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण आज एका वेगळ्या पाटीबद्दल लिहायचे आहे. ही पाटी दुकानावर नसते, बसवर नसते. संगणक शिकायला बसलेल्या मुलाच्या पहिल्यावहिल्या प्रोग्राममध्ये ती असते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार शब्द उमटतात, ‘प्लीज एंटर युवर नेम’, आणि पुढे एक लुकलुकणारी रेघ उभी राहते. मराठी माध्यमातून एसएसएलसी होऊन पीयूसीला, बीसीएला किंवा डिप्लोमाला गेलेला खानापूर-निपाणीकडचा मुलगा ही ओळ वहीत उतरवतो, पाठ करतो आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जशीच्या तशी टाइप करतो. ही ओळ आपण लिहिली म्हणजे ती आपलीच, ती बदलताही येते, हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रोग्राम शिकवताना इनपुट-आउटपुट हा भाग सगळ्यात हलका समजला जातो. दोन तासांत उरकायचा आणि पुढे ‘खऱ्या’ विषयाकडे, म्हणजे लूप, फंक्शन, पॉइंटर यांकडे वळायचे, अशी रीत आहे. माझे मत नेमके उलटे आहे. संगणक आणि माणूस यांची गाठ जिथे पडते ती जागा हीच. पडद्यावर काय लिहायचे, समोरच्याने टाइप केलेले कसे वाचायचे आणि तो भलतेच काही टाइप करून बसला तर काय करायचे, एवढे ज्याला नीट आले त्याला अर्धा प्रोग्राम आला. आणि भाषेचा प्रश्न येतो तोही याच जागी. आतल्या बेरजा-वजाबाक्यांना भाषा नसते.

पहिला प्रोग्राम म्हणून ‘हॅलो, वर्ल्ड’ छापण्याची प्रथा रूढ केली ती ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या १९७८ सालच्या सी भाषेवरील पुस्तकाने. दोघेही अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे. त्या काळी संगणकाशी बोलायचे म्हणजे टेलिटाइप यंत्रावर, टंकलेखन यंत्रासारख्या खडखडणाऱ्या पेटीवर, ओळ टाइप करायची आणि उत्तराची ओळ कागदावर उमटेपर्यंत थांबायचे. आजचा काळा पडदा त्याच कागदाचा वारस आहे. युनिक्समध्ये त्याला अजूनही ‘टीटीवाय’ म्हणतात ते टेलिटाइपवरूनच. त्या यंत्राला इंग्रजी अक्षरे, अंक आणि थोडी चिन्हे पुरत. एका अक्षराला एक घर, असा हिशेब. आपल्या अडचणींचे मूळ या हिशेबात आहे.

सी भाषेत नाव वाचायचे असेल तर आपले शिक्षक दहा घरांची रांग करायला सांगतात आणि ‘स्कॅनएफ’ने त्यात नाव भरायला सांगतात. मुलगा इंग्रजीत ‘बेलगाम’ टाइप करतो. सात अक्षरे आणि शेवटाची खूण म्हणून एक शून्य, अशी आठ घरे लागतात. काम झाले. आता तोच मुलगा आजच्या लिनक्सवर मराठीत ‘बेळगाव’ टाइप करतो. आपल्या डोळ्यांना ही चार अक्षरे. युनिकोडच्या हिशेबात ती सहा चिन्हे, कारण ‘बे’ची मात्रा आणि ‘गा’चा काना वेगळे मोजले जातात. आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे सहा त्रिक अठरा आणि एक शून्य, एकूण एकोणीस. दहा घरांच्या रांगेत एकोणीस बाइट ओतले गेले. उरलेले शेजारच्या जागेत सांडले. प्रोग्राम कधी मरतो, कधी मरत नाही पण दुसऱ्याच कुठल्या आकड्याचा सत्यानाश करतो.

हे मराठीचे दुखणे आहे असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ‘लक्ष्मीनारायण’ हे नाव इंग्रजीत टाइप केले तरी दहा घरांत मावणार नाहीच. दोष रांगेचा आहे, आणि किती घेणार हे न सांगता वाचत सुटण्याच्या सवयीचा आहे. १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने संगणकांत शिरायला जे दरवाजे वापरले त्यांत एक ‘गेट्स’ या असल्याच बेबंद वाचणाऱ्या फंक्शनचा होता. सीच्या २०११ सालच्या प्रमाणातून ते फंक्शन काढूनच टाकले गेले. मराठीत टाइप केले की हा दोष पहिल्याच दिवशी उघडा पडतो. इंग्रजीत तो वर्षानुवर्षे झाकून राहतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यात मराठीचा उपकारच झाला म्हणायचा.

दुसरी गोष्ट आपल्या नावांची. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्दांचे पूर्ण नाव सांगायची पद्धत. ‘स्कॅनएफ’ला ‘परसेंट एस’ दिले की ते पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबते. मुलगा पूर्ण नाव टाइप करतो, प्रोग्राम फक्त पहिले नाव घेतो आणि वडिलांचे नाव पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उचलतो. पुढचा प्रश्न वयाचा असेल तर गंमतच. वय म्हणून आकडा हवा, समोर ‘गोविंद’ उभा. स्कॅनएफ ते वाचत नाही आणि टाकूनही देत नाही, तिथेच ठेवते. प्रोग्राम पुन्हा पुन्हा विचारण्याच्या फेऱ्यात असेल तर ‘वय सांगा, वय सांगा’ असे पडद्यावर धबधब्यासारखे वाहू लागते. मुले हसतात, शिक्षक संगणक बंद करायला सांगतात आणि शिकण्याची एक उत्तम संधी वाया जाते. पूर्ण ओळ आधी वाचा, मग तिच्यातून हवे ते काढा, एवढा एक नियम शिकवला तर हे सारे टळते.

अनेक ठिकाणी अजून टर्बो सीचा निळा पडदा चालतो. बोर्लंड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेली ही वस्तू. आजच्या संगणकावर ती चालवायला जुन्या डॉसचे सोंग आणावे लागते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने भारतभरच्या विद्यार्थ्यांना सी शिकवली त्या काळात ती योग्यच होती. पण त्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. त्या काळी डॉसवर मराठी दाखवायला जिस्टचे वेगळे कार्ड बसवावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ते काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की हे प्रमाण दिले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. आज कार्ड लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही. तरीही पडद्यावर मराठी येत नाही याचे कारण आता यंत्रात नाही, अभ्यासक्रमात आहे.

पायथॉनमध्ये परिस्थिती पुष्कळ सोपी आहे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३पासून प्रोग्रामची फाइल यूटीएफ-८मध्ये आहे असेच धरले जाते. ‘प्रिंट’च्या कंसात अवतरणात ‘नमस्कार’ लिहिले की नमस्कार छापला जातो. ‘इनपुट’ पूर्ण ओळ घेते, रांगेची घरे मोजत बसावे लागत नाही. नवशिक्याची ठेच मात्र इथेही ठरलेली. ‘इनपुट’ जे देते तो मजकूर असतो, आकडा नव्हे. पाच आणि तीन दिले तर बेरीज आठ न येता त्रेपन्न येते, कारण त्याने दोन मजकूर एकाला एक चिकटवले. ‘इंट’ने आकडा करून घ्यावा लागतो.

इथे एक सुखद गोष्ट सांगण्यासारखी आहे. या ‘इंट’ला देवनागरी अंक कळतात. समोरच्याने ‘२५’ असे मराठीत टाइप केले तरी पायथॉन तो पंचवीस धरतो. सीचे स्कॅनएफ धरत नाही. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तर ‘हा आकडाच नव्हे’ म्हणून हात वर करते. पायथॉन वाचतो, पण उत्तर देताना मात्र इंग्रजी अंकच छापतो. मराठी अंकांत उत्तर हवे तर दहा अंकांची जोडयादी देऊन बदल करून घ्यावा लागतो, एका ओळीचे काम. तसेच स्वल्पविरामाचे. त्याला लाख रुपये छापायला सांगितले तर तो १००,००० असा तीन-तीनचा गट करतो. आपल्याला १,००,००० हवे. हे करून देणारे चार ओळींचे फंक्शन मुलाकडून लिहून घ्या. भागाकार, बाकी आणि मजकूर जोडणे, तिन्ही एकदम शिकून होतात, आणि जे लिहिले ते गावातल्या पतसंस्थेत चालण्यासारखे असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीतल्या ‘एंटर’ला समोर कोण आहे याच्याशी देणेघेणे नसते. मराठीत तसे चालत नाही. ‘नाव टाक’, ‘नाव टाका’, ‘आपले नाव लिहावे’ या तीन ओळी तीन वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत. शाळेतल्या पोरांसाठी पाढे विचारणारा प्रोग्राम ‘तुझं नाव काय?’ असे विचारील. दूध संस्थेत पहाटे कॅन घेऊन आलेल्या म्हाताऱ्यासाठी प्रोग्राम लिहायचा तर ‘काका, आज किती लिटर?’ असेही विचारता येईल, किंवा आपल्याकडच्या बोलीप्रमाणे ‘अण्णा’ म्हणून. बाई आल्या तर ‘काका’ चालणार नाही, हे लक्षात आले की मुलाला ‘इफ’ची गरज आपोआप कळते. ‘तू कुठे राहतोस’ आणि ‘तू कुठे राहतेस’ यांतला फरकही तसाच. ‘१ रुपये’ असे पडद्यावर दिसले की कान खटकतो. एक असेल तर ‘रुपया’, जास्त असतील तर ‘रुपये’, म्हणजे पुन्हा एक ‘इफ’. पुस्तकातले ‘दोनपैकी मोठी संख्या कोणती’ हे उदाहरण देऊन ‘इफ’ शिकवण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण इथे ‘इफ’ नसेल तर चुकीचे मराठी दिसते आणि ते मुलाला सहन होत नाही.

चुकीच्या उत्तराला काय म्हणायचे हेही त्यातच आले. वयाच्या जागी कोणी ‘पंचवीस’ असे अक्षरांत लिहिले तर पायथॉन इंग्रजीत पाच-सहा ओळींचा पाढा वाचतो आणि शेवटी ‘व्हॅल्यू एरर’ म्हणून मरतो. ज्याच्यासाठी प्रोग्राम लिहिला तो माणूस घाबरून उठून जातो. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ वापरून तिथे ‘आकड्यात लिहा, जसे २५’ एवढे सांगितले आणि पुन्हा विचारले तर काम होते. आमच्याकडे ‘एक्सेप्शन हँडलिंग’ शेवटच्या धड्यात येते. ते पहिल्या आठवड्यात यायला हवे असे मला वाटते.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे. पुढे नोकरी पुण्यात किंवा बेंगळुरूत, तिथे सगळे इंग्रजीत, मग मराठीचे लाड कशाला? उत्तर असे की मी सीच्या किंवा पायथॉनच्या शब्दांचे मराठीकरण करा म्हणत नाही. सीच्या मूळ प्रमाणात राखीव शब्द ३२, आताच्या पायथॉनमध्ये ३५. ‘इफ’, ‘व्हाइल’, ‘रिटर्न’ ही चिन्हे समजून शिकावीत, गणितातल्या अधिक-उण्यासारखी. त्यांच्या जागी ‘जर’ आणि ‘जोवर’ घालून नवी मराठी सी काढण्यात आपली शक्ती घालवू नये. पायथॉनमध्ये व्हेरिएबलला ‘बेरीज’ किंवा ‘दर’ असे देवनागरीत नाव देता येते, हौस असेल त्याने द्यावे. माझा आग्रह फक्त अवतरणातल्या मजकुराचा आहे, जो संगणकासाठी नसून माणसासाठी असतो. आणि नोकरीचेच म्हणाल तर, जगभरच्या लिप्यांतला मजकूर न बिघडवता वाचणे-छापणे हे आज कामाच्या ठिकाणी रोज लागणारे कौशल्य आहे. आपला मुलगा मराठीमुळे ते पहिल्या महिन्यात शिकेल. यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ साली बेल लॅब्जच्याच केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनी रचली. त्यावरच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘हॅलो वर्ल्ड’ इंग्रजी, ग्रीक आणि जपानी अशा तीन भाषांत लिहिले. त्यांना ते सुचले. आपल्याला का सुचू नये?

परिभाषेबद्दल एक वाक्य. इनपुटला ‘निविष्ठा’ म्हणायचे सुचवले जाते, पण निविष्ठा म्हटले की आमच्या वाचकाला खत-बियाणे आठवते. इनपुटला इनपुटच म्हणावे आणि ते काय करते ते मराठीत समजावून सांगावे.

काही ठिकाणी मराठी आणि यंत्र यांचे खरोखर पटत नाही, तेही मुलांपासून लपवू नये. ‘रामाला भाला मारा’ हे उलटे वाचले तरी तेच, हे घराघरात माहीत आहे. पायथॉनला उलटे करायला सांगा. तो काना आधी आणि अक्षर मागून अशी उलथापालथ करतो आणि सांगतो की हे तसे नाही. त्याच्या मते ‘रा’ म्हणजे दोन वस्तू, आपल्या मते एक. ‘नमस्ते’ची लांबी तो सहा सांगतो, आपण तीन म्हणतो. अक्षर आणि त्याला लागलेल्या मात्रा एकत्र बांधून मगच उलटे करणारा प्रोग्राम लिहायला सांगितला तर व्याकरणाचा तास आणि संगणकाचा तास एकच होतो. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, तसा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दिसायला सारखेच, पण तुलना केली तर प्रोग्राम म्हणतो वेगळे. यादीत नाव असून सापडत नाही ते असे. युनिकोडचे ‘नॉर्मलाइज’ करून मगच तुलना करावी. रकाने जुळवणे हेही एक दुखणे. सीमध्ये वीस घरांचा रकाना मागितला तर ‘बेळगाव’चे अठरा बाइट धरून दोनच मोकळ्या जागा सोडल्या जातात आणि सगळा तक्ता वेडावाकडा होतो. शिवाय विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत जोडाक्षरे फुटतात किंवा नुसते चौकोन दिसतात. त्यावर वेळ घालवू नये. ब्राउझरमध्ये चालणारा पायथॉन घ्यावा, तिथे अक्षरे नीट जुळतात. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना फोनवरही ते करता येते.

२०२१-२२पासून एआयसीटीईने काही महाविद्यालयांना मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी दिली. सीमेच्या अलीकडे त्याचा थेट उपयोग किती होईल हा वेगळा विषय. पण प्रोग्रामच्या अवतरणांत मराठी लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, बेळगावात नाही आणि बेंगळुरूतही नाही. कन्नड मुलाने ते कन्नडमध्ये करावे. त्याची अडचण आणि आपली अडचण शब्दशः एकच आहे.

ती किती एक आहे हे दाखवणारा एक प्रोग्राम मला फार आवडतो, आणि तो सीमाभागातल्या प्रत्येक वर्गात करून घ्यावा अशी माझी शिफारस आहे. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या धर्तीवर केली, त्यामुळे देवनागरी आणि कन्नड यांतील सारखी अक्षरे आपापल्या कप्प्यात सारख्याच जागी बसतात. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की तेच अक्षर कन्नड लिपीत मिळते. समोरच्याकडून मराठीत एक शब्द घ्या, प्रत्येक चिन्हाचा ‘ऑर्ड’ने क्रमांक काढा, ८९६ मिळवा, ‘सीएचआर’ने परत अक्षर करा, छापा. पाच ओळी. ‘बेळगाव’ कन्नड अक्षरांत पडद्यावर येते. फक्त कन्नड वाचणारा मित्र ते वाचताना शेवटचा ‘व’ पूर्ण उच्चारील, कारण आपण गिळतो तो शेवटचा ‘अ’ कन्नडमध्ये गिळत नाहीत. तिथे ‘व’चा पाय मोडावा लागेल. ‘डॉक्टर’ दिले तर मधे रिकामा चौकोन येतो, कारण आपल्या ‘ऑ’च्या चिन्हाला कन्नड कप्प्यात जोडीदारच नाही. कन्नड पाटीवर तो ‘डाक्टर्’ असा लिहितात आणि ‘बँक’ला ‘ब्यांक्’. म्हणजे मिळवणी करण्याआधी ‘ऑ’च्या चिन्हाच्या जागी काना घालावा लागेल, अर्धचंद्राच्या जागी ‘्या’ घालावा लागेल, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर हलंत जोडावा लागेल. आणखी कुठे कुठे अडते याची यादी मुलांनी बसस्थानकापासून कॉलेजपर्यंतच्या दोन्ही लिप्यांतल्या पाट्या वाचून करावी आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राममध्ये भरावी.